पुडी सोडल्यानंतर

इंदापुरातल्या एका शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. ग्रंथींचा धडा आला की मुलं एका ग्रंथीवर हमखास खूश होतात. मूत्रपिंडांवर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी. कुत्रं मागं लागल्यावर माणूस एवढ्या जोरात कसा पळतो, ते तिच्यातून सुटणाऱ्या संप्रेरकामुळं कळतं. मग कुठल्या गल्लीत कुणाच्या मागं कुत्रं लागलं होतं याच्या गोष्टी सुरू होतात आणि तास संपतो.

तीच ग्रंथी आणखी एक संप्रेरक तयार करते, कॉर्टिसॉल. त्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण ते कुणाला पळायला लावत नाही. सकाळी अंथरुणातून उठायचं बळ देतं, पोट रिकामं असताना रक्तातली साखर सांभाळतं, रक्तदाब पडू देत नाही, ताप आला तर तो सोसायची ताकद देतं. मेंदू रोज पहाटे त्याची मागणी पाठवतो, ग्रंथी ती पुरवते, आणि माणसाला याचा पत्ताही नसतो. मला तो माझ्या वडिलांच्या आजारपणात लागला.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते साखर कारखान्यात फिटर होते. सगळी नोकरी लोखंडी जिने चढण्या-उतरण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर गुडघे बसले. आई आणि ते बारामतीजवळ पिंपळीला राहतात. डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले तेव्हा आबा म्हणाले, "बेअरिंग यंत्राचं बदलत्यात, माणसाचं न्हाय." मग आठवडी बाजारातून कुणाच्या तरी सांगण्यावरून पुडी आली. कागदात बांधलेली पांढरी पूड, रोज जेवणावर एक. त्यात काय आहे असं मी विचारलं की आबा म्हणायचे, "झाडपाला हाय." एवढा पांढराशुभ्र झाडपाला मी कुठल्या झाडाला पाहिलेला नव्हता. पण जो माणूस दाराच्या चौकटीला धरून उठायचा, तो आठवड्याभरात चालत विहारापर्यंत जाऊन यायला लागला. मग कोण काय बोलणार?

काही वर्षं अशी गेली. आबांचा चेहरा गोल झाला, पोट सुटलं. भावकीतली माणसं म्हणायची, पेन्शन मानवली. आई म्हणायची, "जन्मभर भाकरी थापल्या तवा ह्यांच्या गालावर मांस चढलं न्हाय, आन आता कागदातल्या भुकटीनं चढलं." हातापायांच्या मात्र काड्या होत चालल्या होत्या, आणि दाराला नुसता दंड घासला तरी कातडी काळीनिळी पडायची. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. आम्ही गाल तेवढे पाहिले.

आबांना स्वतःला मात्र पुडीबद्दल एक गोष्ट कळली होती. एकदा पावसानं बाजार भरला नाही, पुड्या संपल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं अंग मोडून आलं. तेव्हापासून ते तिला औषध म्हणेनासे झाले. "तंबाखूचं जसं, तसंच हिचं. न्हाय मिळाली की माणूस पिसाळतंय. व्यसनच की हे." आबा विहारात व्यसनमुक्तीवर भाषणं करायचे आणि त्यांच्या बंडीच्या खिशात तंबाखू असायची, यावरून त्यांची फार थट्टा व्हायची. ती त्यांना मनातून लागायची.

पावसाळ्यातल्या वर्षावासात गावच्या विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर ठेवलं होतं. संसारी माणसं एवढे दिवस डोकं भादरून, चीवर नेसून भिक्खूसारखी राहतात. घरी जायचं नाही, दुपारी बारानंतर जेवायचं नाही, बाईमाणसाला शिवायचं नाही. घरची माणसंसुद्धा तेवढे दिवस त्यांना भंतेच म्हणतात आणि वंदन करतात. आबांनी नाव दिलं तेव्हा आई म्हणाली, "लग्नात सुदिक मी ह्यांच्या पाया पडले न्हवते. आता पडायला लावणार."

"माझ्या न्हाय, चीवराच्या पडायचं," आबा म्हणाले.

"धुवायचं कुणी हाय ते चीवर?"

"माझं मीच."

"मग पडते."

शिबिराच्या पहिल्या दिवशी मी गेले होते. दीक्षेच्या आधी प्रत्येकानं खिसे रिकामे करायचे होते. शिबिर घेणाऱ्या भंतेजींनी स्वच्छ सांगितलं होतं, की ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी ती जवळ ठेवावीत, औषधाला आपल्याकडं कधीच मनाई नाही. आबांच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं साखरेच्या गोळ्या आपल्याजवळ ठेवल्या. आबांनी तंबाखूची पिशवी, चुन्याची डबी, मोबाइल आणि दोऱ्यानं बांधलेला पुड्यांचा गठ्ठा सतरंजीवर मांडला.

भंतेजींनी गठ्ठ्याकडं बघून विचारलं, "हे औषध आहे का?"

"न्हाय भंते," आबा म्हणाले. "हे माझं दुसरं व्यसन. तंबाखूच्या शेजारीच ऱ्हाऊ द्या."

लोक हसले आणि मग साधू साधू म्हणाले. भादरलेल्या डोक्यानं आबा ताठ बसले होते. त्यांना मी इतकं समाधानी कधी पाहिलं नव्हतं. मी इंदापूरला परत आले.

पुढच्या दिवसांतलं आई फोनवर सांगायची. आबांना जेवण जात नव्हतं. मळमळत होतं, सांधे ठणकत होते, उभं राहिलं की गरगरत होतं. सगळे म्हणत होते, तंबाखू सुटतेय, असं व्हायचंच. भंतेजींनाही तसंच वाटलं. आबांना तर तो आपल्या निश्चयाचा पुरावाच वाटत होता. त्यातच पाऊस लागला. भिक्षेला अनवाणी फिरून त्यांना सर्दी झाली आणि ताप भरला.

रविवारचं भोजनदान आमच्या घरचं होतं. मी सकाळीच पिंपळीत पोहोचले. श्रामणेर ओळीनं पंगतीला आले, त्यात आबा शेवटी. भिंतीला हात लावत चालत होते. आईनं पात्रात वाढलेली खीर त्यांनी तोंडाला लावली नाही. उठायची वेळ झाली तेव्हा गुडघ्यावर जोर दिला, अर्धवट उभे राहिले आणि कुशीवर पडले.

आई अगदी जवळ होती. ती पुढं झाली आणि तिचे हात मधेच थांबले. अंगावर चीवर होतं. दहा दिवस शिवायचं नाही हे तिनं एवढं मनावर घेतलं होतं, की समोर नवरा पडलेला असताना ती भंतेजींच्या तोंडाकडं बघत राहिली.

"हात लावा, ताई," भंतेजी म्हणाले. "आजारी माणसाला हा नियम नाही. लवकर."

तोवर मी आबांची मान उचलली होती. अंग थंड आणि घामानं ओलं होतं. हाक मारली की डोळे उघडत होते आणि पुन्हा मिटत होते. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर त्यांना आडवं घातलं आणि बारामतीच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी होती. रक्तदाब खूप खाली, साखर खाली. सलाइन चालू केलं, साखर दिली, तरी दाब वर येईना. आधी ती वयाची, तापाची, उपासाची चौकशी करत होती. मग तिनं आबांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. चीवराचा काठ वर करून दंडावरचे निळे डाग पाहिले.

"गुडघ्यांसाठी काही घेत होते का? पुडी, काढा, बाजारातली गोळी?"

आई म्हणाली, "घेत हुते. पर सोडली त्यांनी. समदी व्यसनं सोडली."

"कधी सोडली?"

"चीवर घातलं त्याच दिवशी."

डॉक्टरीण नर्सकडं वळली आणि तिनं एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. नर्स पळतच गेली. मग डॉक्टरीण आम्हाला म्हणाली, "रक्त तपासायला घेतलंय, पण रिपोर्टची वाट बघत बसणार नाही. तेवढा वेळ नाहीये."

आई बाकावर बसली. मी दाराशी उभी राहिले.

दुपार कलायच्या आत दाब वर आला. संध्याकाळी आबांनी डोळे उघडले, छताकडं पाहिलं, आम्हाला ओळखलं. आईनं चहाचा कप पुढं केला.

"बारा वाजून गेलं का?" आबांनी विचारलं.

"मरता मरता वाचलाय, आन येळ इचारताय व्हय!" आई म्हणाली, आणि मग तोंडाला पदर लावून बाहेर गेली. आबांनी चहा घेतला नाही.

डॉक्टरणीनं मला जे सांगितलं, ते मी दरवर्षी फळ्यावर काढत होते. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा भाग असतो. तो रक्तात कॉर्टिसॉल किती आहे ते सतत पाहतो. कमी वाटलं की खालच्या पियुषिका ग्रंथीला कळवतो. ती रक्तातून अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडते, त्या कॉर्टिसॉल तयार करतात, आणि पुरेसं झालं की मेंदू निरोप थांबवतो. खाली जाणारे दोन बाण आणि वर परत येणारा एक.

पुडीत बहुधा स्टिरॉइड कुटून घातलेलं होतं. ते कॉर्टिसॉलचंच भावंड. सूज उतरवतं, दुखणं थांबवतं, चेहरा फुगवतं आणि कातडी पातळ करतं. रोजच्या रोज ते पोटात जाऊ लागल्यावर मेंदूला रक्त कायम भरलेलं दिसलं. त्यानं निरोप पाठवणं सोडून दिलं. निरोप येईनात, तेव्हा ग्रंथी आक्रसल्या. मग आबांनी एका सकाळी पुडी सोडली. बाहेरचा पुरवठा त्या दिवशी थांबला आणि आतला चालू व्हायला महिने लागणार होते. त्यात ताप आला. तापात शरीराला कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतं. आबांकडं ते नव्हतंच.

घरी सोडताना रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. आबांनी पाकीट हातात धरून विचारलं, "ही कशाची?"

मी खरं ते सांगितलं. पुडीत जे होतं तेच, पण मोजून.

त्यांनी पाकीट कॉटवर ठेवलं. "मग मी सोडलं काय? ज्यानं पाडलं त्येच परत खाऊ? मी सगळ्यांसमोर सोडलंय."

घरी आल्यावरही तेच. इंजेक्शनांचा असर होता तोवर ते बरे दिसत होते, त्यामुळं त्यांना आणखी जोर आला. गोळी चुकली तर पुढचा ताप शेवटचा ठरेल, असं डॉक्टरीण म्हणाली होती. आई रडली, रागावली, जेवण वाढायचं बंद करीन म्हणाली. मी शाळेत रजा टाकली. दुसऱ्या दिवशी भंतेजी आले. पावसात चालत आले होते. खुर्चीवर न बसता दाराजवळ उभे राहून म्हणाले, "तंबाखू सुटतेय असं मीही म्हणत होतो. मला कळायला हवं होतं."

आबांनी हात जोडले. "भंते, एवढं सांगा. ही गोळी औषध का व्यसन?"

"ते डॉक्टर सांगतील," भंतेजी म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. मागच्या वेळी मी तुम्हाला विचारून ठरवलं, तेच चुकलं."

ते गेल्यावर मी आबांसमोर बसले. मला समजूत काढता येत नाही, शिकवता येतं.

"आबा, रानाला पाटाचं पाणी रोज मिळायला लागलं तर विहिरीवर कोण जाईल?"

"कुनी न्हाय."

"विहिरीवरची मोटर वर्षानुवर्षं बंद राहिली तर?"

"जाम हुती. त्यात इचारायचं काय?"

"आणि एक दिवस पाट एकदम बंद केला?"

आबांनी गोळ्यांच्या पाकिटाकडं पाहिलं.

"तुमचा पाट तुम्ही एका दिवसात बंद केलात. आता डॉक्टर म्हणतायत, तो चालू ठेवायचा आणि थोडं थोडं पाणी कमी करत न्यायचं. रान सुकायला लागतंय हे वर मेंदूला कळलं, की तिथून मोटरला हुकूम येईल. लगेच नाही येणार."

त्यांनी गुडघे चोळले. मग त्यांनी फिटरचा प्रश्न विचारला. "आन मोटर जळालेली असंल तर?"

"तर जन्मभर पाटाचं पाणी."

"कधी कळंल?"

"महिने लागतील. कदाचित वर्ष. ते कुणीच सांगू शकत नाही."

मी खोटी तारीख दिली असती तर त्यांनी ती कॅलेंडरवर लिहून ठेवली असती आणि त्या दिवशी गोळी सोडली असती. ते उठले, तांब्यातलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली. तोंड असं केलं की जणू कारलं खाल्लं.

नंतरचे महिने वाईट होते. गोळी थोडी कमी केली की सांधे दुखायचे, दुपारपर्यंत अंगातलं त्राण जायचं. एरवी सगळ्यांना हसवणारा माणूस ओट्यावर गप्प बसून राहायचा. चेहऱ्यावरची सूज उतरली तशी भावकीतली माणसं म्हणायला लागली, आबा खंगले. एकानं तर बाजारातून पुडी आणून दिली. "एकच घ्या, तात्पुरती." आबांनी ती घेतली, आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "चुलीत टाक, न्हायतर मी खाईन." आईनं टाकली. आणून देणारा समोरच बसला होता. तो स्वतःही तीच खात होता. मी त्याला आबांचं सगळं सांगितलं, एकदम सोडू नका, आधी डॉक्टरला दाखवा म्हटलं. "बघू," म्हणाला. अजून बघतोच आहे.

मधून मधून बारामतीला रक्त तपासायचं असायचं, सकाळी लवकर, गोळी घ्यायच्या आधी. कॉर्टिसॉल सकाळीच सर्वांत जास्त असतं, तेव्हाच ग्रंथी किती जाग्या आहेत ते कळतं. पहिल्यांदा जवळजवळ काहीच नव्हतं. नंतर थोडं आलं. त्यानंतर तेवढंच राहिलं. डॉक्टरीण म्हणाली, रोजच्यापुरतं थोडंफार तयार होतंय, पण आजारपण निभावण्याएवढं नाही. पुढं वाढेल किंवा वाढणारही नाही. बारीक गोळी चालू ठेवायची. ताप आला की त्याच दिवशी दुप्पट, ताप उतरला की परत पहिल्यासारखी. उलटी झाली आणि गोळी पोटात राहिली नाही, तर सरळ दवाखान्यात.

निरोगी माणसाच्या शरीरात ही दुप्पट आपोआप होते, मेंदू कुणाला विचारत नाही. आबांना आता ती स्वतः ठरवून करायची होती, आणि तेच त्यांना जमण्यासारखं नव्हतं. गोळी कमी करताना त्यांनी कधी कुरकुर केली नाही. वाढवण्याची मात्र त्यांना धास्ती होती.

"आज तापाला दोन," ते म्हणाले, "उद्या कटाळा आला म्हणून दोन. मी मला वळखतो. वाढवायची तर तुला इचारून वाढवीन."

"मला विचारायचं नाही. मी तासावर असते, फोन बंद असतो."

"मग तास सुटस्तवर थांबीन."

"तेवढ्यात काय होतं ते तुम्ही पाहिलंय."

"मी कुठं पाहिलं? मी पडलो हुतो," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

त्यानंतर प्रत्येक तासाला फोन कपाटात ठेवताना मला पिंपळीची आठवण व्हायची. हा माणूस हातात गोळी धरून माझ्या मधल्या सुट्टीची वाट बघत बसेल, आणि तेवढ्या वेळात जाईल, असं वाटायचं. आईला बजावलं होतं, पण आबांच्या हट्टापुढं आईचं किती चालतं ते मला माहीत होतं.

गळीत हंगाम सुरू झाला होता. मधल्या सुट्टीत फोन उघडला तर पिंपळीचे बरेच फोन येऊन गेले होते. मी स्टाफरूमच्या बाहेर येऊन फोन लावला. आबांनीच उचलला.

"ताप हाय. सकाळी थंडी वाजून आली."

"गोळी?"

"दोन घेतल्या."

"कधी?"

"थंडी वाजली तवाच. तुला फोन लागंना. मग म्हटलं, हिला इचारून ताप थांबणार हाय का?"

"उलटी?"

"न्हाय. पेज प्यालो."

मागून आईचा आवाज आला. "खोटं बोलत्यात! अर्धीच प्याले."

"अर्धी म्हंजी प्यालोच की. तू येऊ नगंस गं, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या हायत. ताप उतरला की परत पहिल्यावानी घेतो. जास्त न्हाय घ्यायचो."

मी बरं म्हटलं. राहिलेले तास घेतले, घंटा झाल्यावर गाडी काढली. ट्रॉल्यांच्या मागं रखडत पिंपळीला पोहोचायला संध्याकाळ झाली. आबा रग घेऊन झोपले होते. कपाळ गरम होतं. मी त्यांच्या दंडाला बीपी मशीनचा पट्टा गुंडाळला. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, हात सैल सोडला आणि परत मिटले.

दाब जिथं असायला हवा होता तिथं होता. मी थांबून पुन्हा एकदा घेतला. मग पट्टा काढला, घडी घालून ठेवला आणि आईला जेवायला वाढ म्हणाले.